टेंडर गेलं, हरकत कुठं घ्यायची?

१८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. आदल्या दिवशी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्‌घाटन झालं आणि सीपीआर रुग्णालयासमोरची जुनी न्यायालयाची इमारत पुन्हा गजबजली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथं चालतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या कारखानदाराला साहजिकच वाटतं की, सरकारी टेंडरात अन्याय झाला तर आता मुंबईची फेरी वाचली.

लष्करी टेंडरांपुरतं बोलायचं, तर बहुतेक वेळा ती वाचलेली नाही.

समजा, शिरोलीतल्या एका फौंड्रीनं खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं टेंडर भरलं. उखळी तोफेच्या बाँबचं कवच ओतून द्यायचं आहे, एसजी आयर्न या ओतीव लोखंडात. टेंडर ऑनलाइन निघालं, ऑनलाइनच भरलं. पंधरा-वीस दिवसांनी पोर्टलवर एक ओळ दिसते: तांत्रिकदृष्ट्या अपात्र, टेंडरमधील अटींची पूर्तता नाही. किमतीचा लिफाफा न उघडताच परत. आता हा माणूस कुठल्या न्यायालयात जाणार? कारखाना पुण्यात, निर्णय पुण्यात, माल पोहोचवायचा तोही पुण्यात. पुणे जिल्हा कोल्हापूर बेंचच्या सहा जिल्ह्यांत नाही. तो मुंबईच्या मुख्य पीठाकडंच आहे. नागपूरजवळच्या अंबाझरी कारखान्याचं टेंडर असेल तर नागपूर खंडपीठ. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातलं बांधकाम असेल तर कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ. थेट संरक्षण मंत्रालयाची खरेदी असेल तर दिल्ली. उलट, टेंबलाई टेकडीवर प्रादेशिक सेनेच्या आवारात काही काम निघालं आणि त्यावरून वाद झाला, तर तो मात्र कोल्हापुरात चालू शकेल.

‘पण मी टेंडर कोल्हापुरातून भरलं, नकार कोल्हापुरात मिळाला, नुकसान कोल्हापुरात झालं,’ असं कुणी म्हणेल. घटनेच्या २२६ व्या कलमात तशी फट आहे: दाव्याचं कारण अंशतः जरी त्या हद्दीत घडलं असेल तरी तिथलं उच्च न्यायालय दखल घेऊ शकतं. नेमका हाच युक्तिवाद १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं आला होता. तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाचं हजिऱ्यातल्या प्रकल्पाचं टेंडर होतं. कलकत्त्याच्या एका कंपनीनं जाहिरात कलकत्त्यात वर्तमानपत्रात वाचली, देकार कलकत्त्यातून पाठवला आणि नाकारल्यावर कलकत्ता उच्च न्यायालय गाठलं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जाहिरात कुठं वाचली आणि देकार कुठून धाडला, याला दाव्याचं कारण म्हणत नाहीत. पोर्टलच्या जमान्यात वकील यावर नवे मुद्दे काढतात, काढोत बापडे. पण पहिल्याच तारखेला हद्दीच्या वादात अडकलं की टेंडरवाल्याचे जे चार दिवस महत्त्वाचे असतात, ते तिथंच जातात.

तर कुठं जायचं हा पहिला प्रश्न. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे, जाऊन काय मागायचं?

सरकारी खरेदीत साधारणपणे दोन लिफाफे असतात. पहिला तांत्रिक, दुसरा किमतीचा. तांत्रिक लिफाफा समिती तपासते: कागद पूर्ण आहेत का, उलाढाल पुरेशी आहे का, आधी असा माल दिला आहे का, नमुना चाचणीत उतरला का. जे पास झाले त्यांचेच किमतीचे लिफाफे उघडतात आणि सर्वांत कमी दराचा तो एल-१. तोफा, विमानं यांच्या खरेदीत मध्ये वाळवंटातल्या आणि डोंगरातल्या प्रत्यक्ष चाचण्या येतात, काही वर्षं जातात, पण सांगाडा तोच. संरक्षण खात्याची मोठी खरेदी २०२० च्या संरक्षण संपादन कार्यपद्धतीनं चालते. कोल्हापूरच्या फौंड्रीशी संबंध येतो तो मात्र कारखान्यांच्या रोजच्या खरेदीशी. पूर्वी हे सगळे कारखाने आयुध निर्माणी मंडळाखाली होते. १ ऑक्टोबर २०२१ पासून मंडळ जाऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात खडकीला, यंत्र इंडियाचं नागपूरला. कंपन्या झाल्या म्हणून त्या खासगी झाल्या नाहीत. त्या ‘राज्य’ या घटनात्मक व्याख्येतच मोडतात आणि त्यांच्याविरुद्ध रिट करता येते.

भांडण सहसा पहिल्या लिफाफ्यात असतं. दुसऱ्या लिफाफ्यात आकडे असतात आणि आकड्यांवर फारसं भांडता येत नाही. (तिथंही फसायला होतंच. वाराणसीच्या रेल्वे इंजिन कारखान्याच्या एका टेंडरमध्ये एकाच सुट्या भागावर बोलीदारांनी जीएसटीचे वेगवेगळे दर धरले. कर धरून दर लावला की एल-१ बदलतो. पुण्याची भारत फोर्ज न्यायालयात गेली. अलाहाबाद उच्च न्यायालयानं सांगितलं की मालाचा कर-संकेतांक टेंडरमध्येच द्या. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला: संकेतांक शोधून बरोबर कर धरणं ही भरणाऱ्याची जबाबदारी. ओतकामाचा माल देणाऱ्यांनी हा निकाल जाहीर झाला तेव्हाच वाचायला हवा होता.)

आपल्या काल्पनिक फौंड्रीकडं परत येऊ. अट अशी आहे: मागच्या पाच वर्षांत ‘समान स्वरूपाच्या’ मालाचा पुरवठा केलेला असावा. फौंड्रीनं ट्रॅक्टरसाठी एसजी आयर्नची हजारो कास्टिंग दिली आहेत. फाइलमध्ये प्रत्येक हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट आहे, मायक्रोस्कोपखालचा फोटो आहे, त्यात ग्राफाइटचे गोळे मोजलेले आहेत, टेस्ट बार ओढून तोडल्याचा ताण आणि लांबण लिहिलेली आहे, रेडिओग्राफीच्या फिल्मा आहेत. धातू तोच, भट्टी तीच, कसोटी तीच. मालकाला वाटतं, याहून समान काय असायचं? खरेदी अधिकारी म्हणतो, बाँबचं कवच म्हणजे बाँबचं कवच. ते दिलंय का? दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत.

हाच वाद नागपूर मेट्रोच्या वेळी झाला होता. टाटा प्रोजेक्ट्स आणि तिची चिनी भागीदार यांनी चीनमधल्या अतिवेगवान आंतरशहरी रेल्वेचा अनुभव दाखवला. नागपूर मेट्रो म्हणाली, आम्हाला मेट्रोचा अनुभव हवा, हा तो नव्हे, आणि देकार बाद केला. मुंबई उच्च न्यायालयानं मेट्रोचा निर्णय फिरवला. पण २०१६ मध्ये, अ‍ॅफकॉन्सच्या अपिलात, सर्वोच्च न्यायालयानं मेट्रोचीच बाजू उचलून धरली. ज्यानं टेंडर लिहिलं त्यालाच त्यातल्या शब्दांचा अर्थ सर्वांत चांगला कळतो. त्यानं लावलेला अर्थ न्यायालयाला पटला नाही, एवढ्यावरून तो रद्द होत नाही. अर्थ दुष्ट हेतूनं लावला असेल किंवा अगदीच विपरीत असेल तरच न्यायालय मध्ये पडेल.

म्हणजे खडकीच्या अधिकाऱ्यानं ट्रॅक्टरचं कास्टिंग ‘समान’ नाही म्हटलं, तर उच्च न्यायालय सहसा हात लावणार नाही. आपली कास्टिंग किती चांगली, हे सिद्ध करण्यासाठी रिटमध्ये पन्नास पानं जोडणारे लोक आपला आणि न्यायाधीशांचा वेळ वाया घालवतात. पण समजा, त्याच टेंडरात दुसऱ्या एका बोलीदाराचा पंपाच्या कास्टिंगचा अनुभव ‘समान’ म्हणून चालवून घेतला असेल, तर चित्र पार पालटतं. आता प्रश्न धातूचा राहत नाही, दोघांना दोन मापं लावल्याचा होतो, आणि ते न्यायालयाचं हक्काचं क्षेत्र आहे. २०२४ मध्ये भारत कोकिंग कोलच्या टेंडरमध्ये असंच घडलं. एका कंपनीला मुखत्यारपत्रातल्या उणिवेवरून तांत्रिक फेरीत बाद केलं, दुसरीच्या कागदांतली उणीव मात्र पोटात घातली. दिलेलं काम सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं आणि प्रक्रिया नव्यानं करायला सांगितलं.

या सगळ्या विचाराचं मूळ मुंबईच्या विमानतळावरच्या एका उपाहारगृहात आहे. १९७७ च्या जानेवारीत विमानतळ प्राधिकरणानं दुसऱ्या दर्जाचं रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवण्यासाठी टेंडर काढलं. अट होती, नोंदणीकृत दुसऱ्या दर्जाचा हॉटेलवाला हवा, पाच वर्षांचा अनुभव हवा. काम मिळालं ते महिना ६,६६६ रुपये ६६ पैसे देणाऱ्याला. त्याच्याकडं तसली नोंदणी नव्हती, कँटीन चालवल्याचा अनुभव होता. रमणा दयाराम शेट्टी न्यायालयात गेले. १९७९ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला तो आजही प्रत्येक टेंडर-खटल्यात वाचला जातो: सरकारनं स्वतः घालून दिलेली अट सरकारला स्वतःलाही बांधते. अट सैल करणार होतात, तर तसं आधी जाहीर करायचं, म्हणजे इतरांनीही भरलं असतं.

एवढं सगळं शेट्टींच्या बाजूनं, आणि शेट्टी हरले. त्यांनी स्वतः टेंडर भरलंच नव्हतं. शिवाय न्यायालयात येईपर्यंत पाचेक महिने उलटले होते, आणि तेवढ्यात काम मिळालेल्या माणसानं सव्वा लाख रुपये खर्चून फर्निचर, सामानसुमान उभं केलं होतं. तत्त्व जिंकलं, पदरात काही पडलं नाही. कायद्याच्या वर्गात या निकालातलं तत्त्व शिकवतात. टेंडर भरणाऱ्यानं मात्र त्यातली तारीख लक्षात ठेवावी.

त्याच विमानतळावर पुढं आणखी मोठी लढाई झाली. २००६ मध्ये दिल्ली आणि मुंबई विमानतळ खासगी कंपन्यांकडं द्यायचे होते. तांत्रिक गुणांत ८० टक्क्यांची किमान मर्यादा होती. पहिल्या तपासणीत रिलायन्सचा गट आणि जीएमआरचा गट असे दोघंच ती ओलांडून गेले. गुण कसे दिले यावर सरकारच्या आतूनच शंका निघाल्या. मग दिल्ली मेट्रोचे ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांनी पुन्हा गुण मोजले आणि रिलायन्स ८० च्या खाली आली. जीएमआरनं दिल्ली निवडली आणि रिलायन्सनं देऊ केलेला ४५.९९ टक्के महसुली वाटा मान्य केला, मुंबई ३८.७ टक्क्यांवर जीव्हीकेकडं गेली. रिलायन्सचं आव्हान सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी नोव्हेंबरात फेटाळलं. मूल्यमापन फिरवून घ्यायची खरी जागा कुठं असते, हे या प्रकरणात स्पष्ट दिसतं. फेरमोजणी न्यायालयानं केली नाही, खात्यानं केली, आणि तीही काम देण्याआधी.

आता मुद्दा लष्कराचा. लष्करी टेंडरात न्यायालय आणखी एक पाऊल मागं राहतं. लष्करी अभियांत्रिकी सेवेच्या, म्हणजे आपण ज्याला एमईएस म्हणतो तिच्या टेंडरांवरून सिल्पी कन्स्ट्रक्शन्स हे प्रकरण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. प्रत्येक बारीक चुकीवर भिंग धरून तिचा डोंगर करू नका, खात्याला थोडी मोकळीक असू द्या, असा त्या निकालाचा सूर आहे. अर्थाचे दोन पर्याय निघत असतील तर टेंडर लिहिणाऱ्याचा अर्थ चालेल. त्याआधीच्या डिसेंबरात, ३६ राफेल विमानांच्या प्रकरणात, रस्ता-पूल बांधण्याच्या टेंडरला लावतो ती फूटपट्टी संरक्षण खरेदीला जशीच्या तशी लावता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलंच होतं. किमतींची तुलना करायलाही ते तयार झालं नाही.

यामागचं तर्कशास्त्र मला निम्मंच पटतं. कुठली तोफ बरी हे न्यायाधीशानं ठरवू नये, हे बरोबर. सैन्याची गरज खटल्यात अडकवू नये, हेही बरोबर. पण एमईएस पुष्कळदा जे बांधते ते म्हणजे जवानांची घरं, रस्ते, पाण्याच्या टाक्या. जिल्हा परिषदेच्या टाकीच्या टेंडरला जी तपासणी चालते ती छावणीतल्या टाकीला का चालू नये, याला देशाची सुरक्षा हे उत्तर पुरत नाही.

मोठ्या खेळाडूंचं वागणं वेगळंच असतं. नौदलाच्या सहा पाणबुड्यांचा प्रकल्प, पंचाहत्तर (आय), घ्या. अट होती की हवेसाठी वर न येता पाणबुडीला पाण्याखाली दीर्घ काळ ठेवणारी यंत्रणा समुद्रात सिद्ध झालेली हवी. रिंगणात दोघंच उरले: मुंबईचं माझगाव डॉक आणि त्याची जर्मन भागीदार, आणि लार्सन अँड टुब्रो व तिची स्पॅनिश भागीदार. स्पॅनिश यंत्रणेचं प्रात्यक्षिक जमिनीवरच्या संचावर झालेलं होतं. २०२५ च्या जानेवारीत दुसरा देकार अटीत बसत नाही म्हणून बाजूला पडला आणि माझगाव डॉक एकटं उरलं. अशा वेळी लेखी निवेदनं जातात, बैठका होतात, पण न्यायालयाची पायरी चढण्याआधी कंपनी दहा वेळा विचार करते. कारण सरळ आहे. पाणबुडीला देशात गिऱ्हाईक एकच. आज त्याच्यावर खटला भरायचा आणि उद्या त्याच्याच पुढच्या टेंडरला उभं राहायचं. छोट्या फौंड्रीला तर हा धाक दुप्पट: पुढची ऑर्डर कुणाच्या सहीनं येणार हे तिला ठाऊक असतं.

अमेरिकेत ही भीती बरीच कमी आहे, कारण तिथं तक्रार करणं हा धंद्याचा रोजचा भाग आहे. तिथं संसदेच्या अखत्यारीतलं लेखापरीक्षण कार्यालय, जीएओ, खरेदीवरच्या हरकती ऐकतं. साधारण दहा दिवसांत तक्रार करायची. वेळेत केली की १९८४ च्या कायद्यानुसार काम आपोआप थांबतं. निकाल शंभर दिवसांच्या आत.

२००८ मध्ये अमेरिकी हवाई दलानं हवेत इंधन भरणाऱ्या १७९ विमानांचं सुमारे ३५ अब्ज डॉलरचं काम नॉर्थ्रॉप ग्रमन आणि युरोपच्या ईएडीएस यांच्या जोडीला दिलं. निकाल २९ फेब्रुवारीचा. बोईंगनं ११ मार्चला तक्रार केली, जीएओचा निर्णय १८ जूनला आला: ९९ दिवस. बोईंगचे सगळे मुद्दे काही टिकले नाहीत, पण जे टिकले ते वाचण्यासारखे आहेत. निकषांचं महत्त्व ज्या क्रमानं जाहीर केलं होतं त्या क्रमानं हवाई दलानं तोललं नाही. ठरावीक मर्यादेपलीकडच्या क्षमतेला जादा श्रेय मिळणार नाही असं टेंडरमध्ये असूनही ते दिलं. बोईंगला एका मुद्द्यावर तुम्ही अट पूर्ण केली असं सांगितलं, नंतर मत बदललं, पण ते कळवलं नाही. प्रतिस्पर्ध्याशी मात्र त्याच मुद्द्यावर चर्चा चालू ठेवली. विमानाच्या आयुष्यभराच्या खर्चाचं गणित चुकलं होतं, आणि ते दुरुस्त केल्यावर बोईंगच स्वस्त ठरत होती. यात कुठंही बोईंगचं विमान चांगलं असं जीएओनं म्हटलेलं नाही. हवाई दलानं आपलंच पुस्तक पाळलं नाही, एवढंच म्हटलं. पुन्हा स्पर्धा झाली आणि २४ फेब्रुवारी २०११ रोजी काम बोईंगला मिळालं. तीन वर्षं गेली. तोवर १९५० आणि ६० च्या दशकातली जुनी टँकर विमानं उडत राहिली. फुकट काही मिळत नाही.

आपल्याकडं असा मंच नाही. ‘सार्वजनिक खरेदी विधेयक’ मे २०१२ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, त्यात तक्रार निवारणासाठी स्वतंत्र समित्यांची तरतूद होती. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झालं. गंमत म्हणजे कागल ओलांडून निपाणीत गेलं की राज्य सरकारच्या टेंडरांवर कायदेशीर अपील आहे. कर्नाटकानं १९९९ मध्येच तसा कायदा केला. महाराष्ट्रात शासन निर्णयांवर भागतं. अर्थात लष्करी टेंडर केंद्राचं, त्याला दोन्हीकडं यांचा उपयोग नाही.

केंद्राच्या टेंडरला जो उपाय आहे तो नियमांच्या पुस्तकात विखुरलेला आहे. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला १७३ वा नियम सांगतो की अटींवर, प्रक्रियेवर आणि देकार नाकारल्यावर बोलीदाराला प्रश्न विचारता येतील अशी तरतूद टेंडरमध्येच हवी. केंद्राच्या वस्तूखरेदी नियमपुस्तिकेत निकालानंतर दहा दिवसांत लेखी तक्रार किंवा कारणांची विचारणा करायची सोय आहे. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर तांत्रिक अपात्रतेनंतर हरकतीची खिडकी उघडते, पण ती दिवसांत नव्हे, तासांत मोजावी इतकी छोटी असते. मोठ्या करारांत सचोटी करार असतो आणि त्यावर देखरेख करणारे स्वतंत्र बाह्य निरीक्षक असतात. त्यांना थेट लिहिता येतं. माहिती अधिकार आहेच, पण त्याचं उत्तर तीस दिवसांत येतं आणि तोवर करारावर सह्या झालेल्या असतात. मिळालेले कागद पुढच्या टेंडरला उपयोगी पडतात, या टेंडरला क्वचित.

आणि दक्षता आयोगाकडं धाडलेली तक्रार म्हणजे आव्हान नव्हे. तिथं लाचलुचपत तपासतात. ‘मला चुकीचं बाद केलं’ या वाक्याला तिथं फारसं वजन नाही, आणि पुराव्याशिवाय भ्रष्टाचाराचा आरोप लिहून टाकला की पुढं उच्च न्यायालयात तोच कागद आपल्यावर उलटतो.

रिट करायचीच झाली तर ती करारावर सही होण्याआधी. २०२२ मध्ये झारखंडच्या एका रस्त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयांना बजावलं की कामाला स्थगिती देण्यापेक्षा नुकसानभरपाईचा विचार करा. ऐकायला हे रास्त आहे. पण हुकलेल्या टेंडरची भरपाई मागायची तर दिवाणी दावा, पुरावे, साक्षी. शिरोलीतल्या कुठल्या लघुउद्योजकाला ते परवडतं? स्थगिती नाही, भरपाई कागदावर, स्वतंत्र मंच नाही. न्यायालयानं मागं राहायचं हे मान्य केलं, तर त्या जागी दुसरं कुणी तरी उभं असायला हवं, आणि ते उभं करण्याची जबाबदारी संसदेची आहे. अमेरिकी पद्धतीतली आपोआप स्थगिती नको असेल तर नसू द्या. पण तीस दिवसांत कारणांसह निकाल देणारी, खरेदी खात्याच्या बाहेरची समिती, एवढं तरी मागण्यासारखं आहे. इथल्या इंजिनिअरिंग आणि फौंड्री संघटना वीजदराचं निवेदन घेऊन मंत्रालयात जातात. त्या निवेदनात हा एक परिच्छेद वाढवायला हरकत नाही.

तोवर हातात आहे ते वापरा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना केंद्रीय खरेदीत २५ टक्के वाटा आहे. एल-१ पेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त दर असला तरी एल-१ च्या दरावर येऊन काही माल पुरवायची संधी मिळते. पण उद्यम नोंदणीसह तसा दावा टेंडर भरतानाच करावा लागतो, मागाहून आठवून चालत नाही. नकार आला की त्याच दिवशी लेखी कारण मागा, पास झालेल्यांना तीच अट कशी लावली ते विचारा, आणि उत्तराची वाट बघत मुदत घालवू नका. आणि ‘समान स्वरूपाचा माल’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न बाद झाल्यावर नव्हे, प्री-बिड बैठकीतच विचारा. त्याचं उत्तर शुद्धिपत्रकात छापून आलं की ते सगळ्यांना बांधतं, टेंडर काढणाऱ्यालासुद्धा. त्या बैठकीला कोल्हापुरातून माणूस पाठवा.